गळाला घुंगरू



आज माशाच्या गळाबद्दल बोलायचंय. जिच्या घरात मासा शिजत नाही ती म्हणेल, मग आमचं काय काम? पण ही गोष्ट सुरू होते ती गटाच्या कर्जापासून, म्हणून जरा थांबा.

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. ज्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली त्या घरांतल्या कितीतरी बायका आज त्याच पाण्यावर काहीबाही करून चार पैसे मिळवतात. आमच्या गटातल्या एक वहिनी गळ टाकतात. होडी नाही, जाळं नाही. सोसायटीची पावती आहे, दोन रॉड आहेत, दोन हातगळ आहेत, एवढाच संसार. दिवसा उसात खुरपायला जातात आणि संध्याकाळी घरचं उरकून सासूबाईंना सोबतीला घेऊन पाण्यावर बसतात. रात्री दहा-अकरापर्यंत.

मागच्या हिवाळ्यात गटाच्या बैठकीत त्यांनी कर्ज मागितलं. सहा हजार. कशाला, तर मासा लागला की वाजतं ते यंत्र घ्यायला. भाच्यानं मोबाइलवर दाखवलं होतं. चार गळांना चार डबी, आणि उशाशी ठेवायला पाचवी. पाण्यावर दोरी हलली की डबी वाजते, दिवा लागतो.

बैठकीत हसू पिकलं. एक काकू म्हणाल्या, "मासा लागला की यंत्र वाजेल, आणि हप्ता थकला की कोण वाजेल?" सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मागच्या महिन्यात डोळा लागला आणि रॉड पाण्यात गेला. रिळासकट. चौदाशे रुपयांचा होता. दिवसभर उसात वाकल्यावर रात्री डोळे उघडे राहत नाहीत, त्याला मी काय करू?" मग दुसरी एक म्हणाली, "पोरांना मोबाइल घ्यायला आपण पंधरा-पंधरा हजार दिले, तेव्हा कुणी एवढं हसलं नव्हतं." यावर मात्र सगळ्या गप्प झाल्या.

आम्ही ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. आधी हे यंत्र करतं काय ते समजून घेऊ, असं ठरलं. त्या महिनाभरात आम्ही जे शिकलो तेच आज सांगतोय.

आधी हिशेब. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिना शेकडा दोन रुपये व्याज आहे. सहा हजार दहा हप्त्यांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सहाशे मुद्दल. व्याज पहिल्या महिन्याला १२०, दुसऱ्या महिन्याला १०८, असं उतरत उतरत सगळं मिळून ६६० रुपये. म्हणजे यंत्र पडलं ६,६६० ला. वर सेल बदलायचे ते वेगळेच. पाण्यात पडलं, पोरानं आपटलं, तर दुरुस्ती तालुक्याला होईल का, हे कुणालाच सांगता येईना.

आता यंत्राची गोष्ट. हे यंत्र जन्मलं इंग्लंडमध्ये. तिथं रिचर्ड वॉकर नावाचा एक इंजिनीअर होता, त्याला मासेमारीचा भारी नाद. १९५२ साली रेडमायर नावाच्या तळ्यावर त्यानं ४४ पौंडांचा, म्हणजे साधारण वीस किलोचा मासा गळाला धरला. तो तिथला विक्रम झाला आणि पुढं १९८० पर्यंत टिकला. विजेवर वाजणारा गळाचा गजर बनवण्याचं श्रेय याच माणसाला देतात. मासा कोणता होता म्हणाल, तर आपल्या ओळखीचाच. ज्याला आपल्याकडं सायप्रिनस म्हणतात तो. तो मूळचा आपला मासा नव्हे. आपल्या तळ्यांत जी जात सोडली जाते ती १९५७ साली बँकॉकहून भारतात आणलेली. त्यामुळं वॉकरचा मासा आणि वहिनींचा मासा एकाच जातीचे, एकाच खोडीचे.

पण माणसं वेगळी. तिकडची मंडळी हौसेनं गळ टाकतात. दोन-दोन, तीन-तीन रात्री तंबू ठोकून काठावर झोपतात. मासा लागला की उठायचं, त्याला वर काढायचं, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. हे सांगितल्यावर वहिनींच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तर असं हे झोपलेल्या माणसाला उठवायचं यंत्र. वॉकरनं तो मोठा मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला होता, तिथं तो पुढं कितीतरी वर्षं जगला.

डबीच्या आत काय असतं? तंगूस एका छोट्या चाकावरून जातो. चाकाला बारीक लोहचुंबक बसवलेला असतो. तंगूस सरकला की चाक फिरतं, चाक फिरलं की आतल्या सर्किटला कळतं आणि ते आवाज करतं. काही यंत्रांत चाकाऐवजी तंगुसाची थरथरच पकडतात. भारी यंत्रात आवाज लहानमोठा करता येतो, चार गळांना चार वेगळे सूर लावता येतात, आणि उशाशी ठेवायच्या डबीला बिनतारी निरोप जातो. बास. ते यंत्र मासा आणत नाही, गळ रुतवत नाही, रॉड धरून ठेवत नाही. तंगूस हलला, एवढंच सांगतं. इंग्लंडातल्या चांगल्या कंपनीची अशी एकेक डबी शंभर पौंडांच्या वर जाते.

मग प्रश्न असा उरला, की तंगूस हलला हे सांगायला दुसरं काय काय चालेल?

हे बघायला आम्ही पाच जणी तीन संध्याकाळी वहिनींबरोबर पाण्यावर जाऊन बसलो. पहिल्या संध्याकाळी आम्हाला यंत्राबद्दल काहीच कळलं नाही, पण माशाबद्दल बरंच कळलं, आणि ते आधी कळायला पाहिजे.

मासा आमिष घेतो आणि पळतो, असं आपल्याला वाटतं. नेहमी तसं होत नाही. चिलापी टोचते. टिक, टिक, टिक, चोच मारल्यासारखी. त्यावर लगेच हिसका दिला तर गळ मोकळा येतो. चिलापी तशी दिवसाची. अंधार पडला की तिचं टोचणं कमी होतं. सायप्रिनस आमिष तोंडात ओढून घेतो, चाचपतो, पटलं नाही तर थुंकतो. गळ रुतला की मात्र सुसाट निघतो. त्यानंच वहिनींचा रॉड नेला असणार. रात्रीचा शिंगाळा नाहीतर वांब आली तर ओढ जड असते. शिंगाळ्याच्या पंखातले काटे हाताला लागले तर रात्रभर ठणकतं, म्हणून त्याला फडक्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं हे की मासा दोन बाजूंना जाऊ शकतो. तो आत खोल पाण्याकडं गेला तर तंगूस ताणतो. पण कधी कधी तो आमिष घेऊन आपल्याच दिशेनं, काठाकडं येतो. मग तंगूस ताणत नाही, ढिला पडतो. नुसतं ताणावर वाजणारं काहीही केलं तरी अशा वेळी ते गप्प राहणार. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आमिष खाऊन गेलं असं मी म्हणायचे, त्यातले काही मासे माझ्याकडंच येत होते की काय!" असतील.

आता रिळाचं सांगतो. याचं आम्हाला अजून हसू येतं. वहिनींच्या उरलेल्या रॉडला जे रीळ आहे त्याच्या तोंडाशी एक गोल चकती आहे. ती घट्ट केली तर तंगूस सुटत नाही, सैल केली तर ओढल्यावर सुटतो. दुकानदारानं ती घट्ट पिळून दिली होती आणि वहिनींनी ती कधी फिरवलीच नव्हती. गटातल्या एकीचा मुलगा आयटीआयला आहे, तो त्या संध्याकाळी आम्हाला सोडायला आला होता. त्यानं चकती सैल केली आणि तंगूस हातानं ओढला. रीळ ओरडलं, कर्रर्रर्र! लांब उभ्या असलेल्या सासूबाईंनी पण वळून बघितलं. म्हणजे गजर रिळातच होता, विकत घेतलेलाच होता, आणि आम्ही तो आवळून गप्प बसवला होता.

आणि रॉड पाण्यात गेला तोसुद्धा त्यामुळंच. चकती घट्ट, तंगूस सुटेना, मग माशानं रॉडच ओढून नेला. चकती किती सैल ठेवायची? हातानं तंगूस धरून ओढला तर अडखळत का होईना सुटला पाहिजे, आणि लाटेनं आपोआप सुटता कामा नये. मासा लागल्यावर रॉड हातात घेऊन चकती हळूहळू आवळायची. आणि रीळ कसलंही असो, रॉडच्या बुडाला सुतळी बांधून ती जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायची. शेळीला बांधतो तशी. यंत्र घेतलं असतं आणि ही सुतळी बांधली नसती, तर यंत्र वाजलं असतं आणि रॉड तरीही गेला असता.

पण सगळ्यांकडं रीळ नसतं. शिवाय टोचणाऱ्या माशाला रीळ ओरडत नाही. म्हणून पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही घरातलं, गोठ्यातलं सामान नेलं.

पहिलं घुंगरू. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो त्या माळेतलं एक पितळी घुंगरू घेतलं, कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्याला दोऱ्यानं बांधलं, आणि चिमटा रॉडच्या शेंड्याला लावला. मासा टोचला की शेंडा हलतो, घुंगरू वाजतं. बाजारात गळाची घंटी म्हणून जी मिळते तीही चिमट्यावरची घंटीच असते. एकच घुंगरू लावा. हौसेनं चार लावलीत तर शेंडा जड होतो आणि हलकं टोचणं कळत नाही. मासा ओढताना चिमटा कधी कधी निसटतो आणि उडतो. आमचं पहिलं घुंगरू असंच उजनीला अर्पण झालं. तेव्हापासून चिमट्याला हातभर दोरा बांधून तो रॉडच्या मधल्या कडीला अडकवतो.

अंधारात चार गळ असतील तर कोणता वाजला हे कसं कळणार? भारी यंत्रात चार सूर असतात ना, तसं आम्ही एकाला पितळी घुंगरू लावलं, एकाला शेळीच्या गळ्यातली पत्र्याची घंटी, एकाला पैंजणाचं बारीक घुंगरू. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई न बघता सांगायला लागल्या, "शेळी वाजली."

वारा हा घुंगराचा वैरी. वारा सुटला की सगळीच एकदम वाजतात आणि डोकं उठतं. दोन गोष्टी केल्या की बरंच कमी होतं. रॉडचा शेंडा वर आभाळाकडं न ठेवता खाली पाण्याकडं वळवायचा, म्हणजे हवेत तंगूस कमी राहतो आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही. आणि घुंगरू अगदी शेंड्याला न लावता वीतभर खाली लावायचं. थोडा सराव झाला की कानाला फरक कळतो. वारा एकसारखा झुलवतो. मासा झटका देतो, थांबतो, परत झटका देतो. पण सोसाट्याच्या वाऱ्यात घुंगराचा काही उपयोग नाही हे कबूल करतो. त्या रात्री भारी यंत्रसुद्धा उगाच वाजत राहतं, म्हणून त्यात आवाजाबरोबर नाजूकपणा कमीजास्त करायचं बटण दिलेलं असतं.

हातगळ टाकणाऱ्या बायकांना रॉड नसतो. तंगूस प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला असतो आणि टोकाला शिसं नि गळ. त्यांच्यासाठी बांबूची कामटी. हात-दीड हात लांब, बोटापेक्षा बारीक, वाकली तर मोडणार नाही अशी. बुडाला चांगली टोकदार करून ओल्या मातीत तिरकी रोवायची. वरच्या टोकाला चाकूनं खाच पाडायची, तंगूस त्या खाचेत बसवायचा, आणि खाचेच्या खाली घुंगरू बांधायचं. मासा ओढतो, कामटी वाकते, घुंगरू वाजतं, आणि जोरात ओढलं तर तंगूस खाचेतून सुटून मोकळा होतो. खाच खोल नको, नाहीतर कामटीच उपटून जाते. तंगूस गुंडाळलेली बाटली मात्र खुंटीला बांधलेली पाहिजे. आम्हाला विचाराल तर सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त काम हीच करते. बांबू बुरूडआळीतून मागून आणला, पैसे घेतले नाहीत.

आता तो काठाकडं येणारा मासा. त्याच्यासाठी इंग्लंडातल्याच जुन्या लोकांची एक युक्ती आहे, विजेचं यंत्र यायच्या आधीची. रीळ आणि रॉडवरची पहिली कडी यांच्या मधला तंगूस जरा खाली ओढायचा आणि त्या झोळाला काहीतरी हलकं वजन लावायचं. ते लोक पावाच्या पिठाची गोळी दाबून लावायचे. आम्ही कणकेची लावली, मोठ्या बोराएवढी. मासा पुढं गेला तर गोळी वर चढते. मासा आपल्याकडं आला तर तंगूस ढिला होऊन गोळी खाली येते. दोन्ही बाजूंचा निरोप! रॉड उचलून हिसका दिला की गोळी आपोआप निखळते, काढायला नको. कणीक वाळली की तडकते आणि पडते, म्हणून अधूनमधून पाण्याचा हात लावावा लागतो. दुसऱ्या संध्याकाळी आमची गोळी एकदम खाली गेली, वहिनींनी झडप घातली, तर मासा नव्हताच. गावातलं कुत्रं कणीक खाऊन गेलं होतं.

गोळी दिसते, पण वाजत नाही. म्हणून आम्ही तिच्या जागी तारेच्या आकड्याला अडकवलेलं घुंगरू टांगलं आणि त्याच्या खाली चार बोटं जागा सोडून डब्याचं स्टीलचं झाकण पालथं ठेवलं. मासा पुढं गेला तर घुंगरू वर जाताना छुमछुमतं. मासा मागं आला तर घुंगरू झाकणावर पडतं, टण! आवाजावरूनच मासा कुणीकडं चाललाय ते कळतं. आकडा अगदी सैल वाकवा, म्हणजे हिसक्यासरशी सुटेल. घुंगराला इथंही दोरा बांधायचा, तो खुंटीला. ही युक्ती आमची स्वतःची आहे असं आम्हाला वाटतं, पण पाण्याकाठी कुणी ना कुणी आधीच केली असेल.

डब्याची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत असेल. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकायचे, दगडावर ठेवायचा, आणि तंगुसाचा एक सैल फेर त्याच्या भोवती घालायचा. ओढ बसली की डबा पडतो, खडखडतो. जोरात ओढणाऱ्या माशाला ठीक, टोचणाऱ्याला नाही. आणि फेर अडकला तर डबाच पाण्यात जातो. आम्ही तो सोडून दिला.

आता विजेचं. आयटीआयवाल्या मुलाला घुंगरात काही राम वाटेना, त्यानं खरोखरचं वाजणारं करून दाखवलं. लाकडी कपड्याचा चिमटा घेतला. त्याच्या दोन्ही जबड्यांना आतून एकेक साधी पितळी बोर्डपिन टोचली, एकमेकीसमोर, चिमटा मिटला की टेकतील अशी. दोन्ही पिनांना एकेक वायर गुंडाळली. एक वायर ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला, दुसरी छोट्या बझरला, आणि बझरची उरलेली वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. बझरची लाल वायर बॅटरीच्या अधिक खुणेकडं आली पाहिजे, उलटी लावली तर वाजत नाही. मग दोन पिनांच्या मधे तेलाच्या कॅनमधून कापलेली प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची. पट्टी आहे तोवर पिना टेकत नाहीत आणि बझर गप्प. पट्टीला शिवायच्या दोऱ्याचा एकेरी धागा बांधून तो तंगुसाला बांधायचा. मासा तंगूस ओढतो, पट्टी निघते, पिना टेकतात आणि बझर किंचाळतो. पुढं मासा धावला की एकेरी धागा तुटतो, तंगूस मोकळा. धागा दुहेरी घेऊ नका, आणि चिमटा जुना, ढिल्या स्प्रिंगचा घ्या, नाहीतर पट्टी निघायलाच जोर लागतो आणि माशाला संशय येतो.

पहिल्यांदा आमचं वाजलंच नाही. अर्धा तास सगळ्या त्या मुलावर खेकसत होतो. मग कळलं की पिना रंगीत होत्या, त्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिक होतं, त्यातून वीज जाणार कशी? साध्या पितळी पिना लावल्या आणि पहिल्याच झटक्याला असा आवाज झाला की पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. बॅटरी-बझर तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणले, सगळं मिळून शंभराच्या आत बसलं. दव आणि पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर अर्धी कापलेली बाटली टोपीसारखी घालतो. दोष सांगायचा तर हे एकदाच वाजतं. चिलापीच्या एका टोचण्यानं पट्टी निघाली की उठून परत लावा. आणि लगेच बंद केलं नाही तर बॅटरी संपेपर्यंत वाजतच राहतं. म्हणून ते आम्ही फक्त एका गळाला ठेवलंय, रात्रीच्या जड माशाच्या.

आमच्या एका मावशींना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी बझर काढून जुन्या टॉर्चमधला छोटा दिवा लावला आणि चौकोनी बॅटरीऐवजी दोन साधे सेल. पट्टी निघाली की दिवा लागतो. त्यांना घुंगरू काहीच कामाचं नव्हतं, दिवा उपयोगी पडला. दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नसेल आणि एकटीनं चार गळ सांभाळायचे असतील, तर दिवा लागणारं विकतचं यंत्र घ्यावं असं आम्हीसुद्धा म्हणू. सगळ्यांनाच ते नको असं आमचं म्हणणं नाही.

पण काठावर शेतीपंपाच्या पेट्या असतात. तिथून वायर ओढून बल्ब किंवा बझर लावायचा विचार कुणीही करू नये. ओली जमीन, ओले पाय, हातात ओला तंगूस, आणि घरगुती वीज. सेलवर चालतं तेवढंच पाण्याजवळ न्यायचं.

दुसरं, तंगूस पायाच्या अंगठ्याला किंवा मनगटाला बांधून झोपायचं नाही. आमच्याकडं हे सर्रास करतात. फुकटचा गजर म्हणतात त्याला. तंगूस बारीक असतो आणि मोठ्या माशाची ओढ एकदम येते. मांसात रुतलेला तंगूस अंधारात सोडवता येत नाही, आणि उतारावर बसलेलं माणूस ओढीसरशी तोल जाऊन पाण्यात जाऊ शकतं. वहिनींनी पण आधी हे केलं होतं, अंगठ्यावर वळ दाखवला आम्हाला.

आणि गाळ. उन्हाळ्याकडं उजनीचं पाणी मागं हटतं तेव्हा काठ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघाभर आत. घुंगरू वाजलं म्हणून अंधारात धावत सुटायचं नाही. खुंट्या कोरड्या, कठीण जागेवरच ठोकायच्या. उलटा येणारा काठीचा ठोका घट्ट लागला पाहिजे, लुसलुशीत नाही. कधीही एकटीनं बसायचं नाही.

पुढच्या बैठकीत वहिनींनी स्वतःच सहा हजारांची मागणी मागं घेतली. पण कर्ज त्यांनी घेतलं, दोन हजारांचं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. त्यातून गेलेल्या रॉडच्या जागी जुना पण चांगला रॉड घेतला, गमबूट घेतले, आणि कपाळाला बांधायची बॅटरी घेतली, म्हणजे मासा गळावरून काढताना दोन्ही हात मोकळे. चार हप्ते फिटलेत. झोपेचं मात्र घुंगरानं सगळं भागलं नाही. वाजलं की उठावंच लागतं, आणि सकाळी ऊस आहेच. म्हणून आता त्या आणि त्यांची जाऊ आठवड्यातल्या रात्री वाटून घेतात. जाऊबाईंनी पण सोसायटीची पावती काढली. पावसाळ्यात मासा अंडी टाकायला निघतो तेव्हा दोघीही गळ गुंडाळून ठेवतात.

ज्या मैत्रिणी कोकणात खाडीवर गरी टाकतात त्यांना एक विचारायचंय. आमचं पाणी एका जागी उभं असतं, तुमचं भरती-ओहोटीला वाहतं. वाहत्या पाण्यात तंगूस सारखा ओढलेलाच राहत असणार, मग तिथं घुंगरू कसं लावता, की लावतच नाही? रेडिओच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका किंवा केंद्रात फोन करून सांगा. तुमची उत्तरं पुढच्या महिन्यात याच वेळेला वाचून दाखवू. नमस्कार.